एका मळ्याचे, एका सालाचे फेसाळ मद्य

अन्नपदार्थ ठेवून दिला असता त्यात जे बदल होतात, त्यांना मराठीत निरनिराळी क्रियापदे आहेत. पीठ आंबते, लोणचे मुरते आणि आमटी विटते. तिन्ही ठिकाणी डोळ्यांना न दिसणारे रासायनिक कार्य चाललेले असते; परंतु स्वयंपाकघरात वावरणारे माणूस ह्या तिहींत कधी गल्लत करीत नाही. आंबणे म्हणजे सूक्ष्मजीवांनी पिष्ट वा साखर खाऊन तिच्यापासून नवे पदार्थ निर्माण करणे. मुरणे म्हणजे पदार्थातील घटक परस्परांत सावकाश भिनून चवीला खोली येणे. विटणे म्हणजे हेच कार्य मर्यादेबाहेर जाऊन पदार्थ खाण्यायोग्य न राहणे. द्राक्षांपासून होणाऱ्या मद्याची सारी हकीकत ह्या तीन क्रियापदांत सांगता येण्यासारखी आहे.

फ्रान्सच्या ईशान्य भागात शँपेन नावाचा प्रांत आहे. तेथील फेसाळ मद्य जगप्रसिद्ध आहे. ह्या मद्यात आंबणे दोनदा होते आणि मुरणेही दोन प्रकारचे असते. शिवाय ही सारी स्थित्यंतरे, पहिले आंबणे सोडल्यास, त्याच एका बाटलीत घडतात. सामान्य मद्याच्या बाटलीवर जे साल छापलेले असते त्यावरून तिचे वय काढता येते. शँपेनच्या बाटलीला मात्र दोन वये असतात, आणि त्यांतील एकच पाहून तिची परीक्षा करणारा हमखास फसतो. एकाच मळ्यातील, एकाच सालच्या द्राक्षांपासून केलेल्या शँपेनमध्ये ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते. कारण तेथे दुसरे काही मिसळून चव झाकण्याची सोय नसते.

मिश्रणाची रीत आणि तिचा अपवाद

शँपेन प्रांतातील रीम्स हे शहर सुमारे ४९ उत्तर अक्षांशावर आहे. द्राक्षवेलीच्या दृष्टीने हे स्थान जवळजवळ थंडीच्या सीमेवरचे होय. एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर हिमतुषार पडण्याचे भय, जूनमध्ये फुलोऱ्यावर पावसाचे भय, आणि उन्हाळा अपुरा पडला तर फळ आंबट राहण्याचे भय. अशा ठिकाणी एखाद्या वर्षाचे पीक उत्तम, तर पुढच्या वर्षाचे सामान्य असे नेहमीच घडत आले आहे. ह्यावर तेथील लोकांनी शोधलेला तोडगा म्हणजे मिश्रण. अनेक गावांच्या, तीन प्रमुख जातींच्या आणि अनेक वर्षांच्या मद्यांचे योग्य प्रमाणात मिश्रण केले असता एकाचे उणे दुसऱ्याने भरून निघते. ओव्हिलेच्या मठातील कोठारप्रमुख दों पेरिन्यों (१६३८-१७१५) ह्याने फेसाळ मद्याचा शोध लावला अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. त्याच्या काळी बाटलीतील फेस हा दोषच मानला जाई. निरनिराळ्या मळ्यांची द्राक्षे एकत्र करण्याची त्याची हातोटी मात्र नावाजलेली होती. आजही शँपेनच्या बहुसंख्य बाटल्यांवर साल नसते, ते ह्याच कारणाने.

पीक विशेष चांगले आले तर त्या एकाच वर्षाच्या द्राक्षांचे वेगळे मद्य करतात व बाटलीवर साल घालतात. त्यातही जागांचे मिश्रण असतेच. जागा एक आणि सालही एक, असे मद्य करणे हे मिश्रणाच्या साऱ्या परंपरेला सोडून जाण्यासारखे आहे. मार्न नदीकाठच्या मारय-स्युर-आय ह्या गावाजवळ क्लो दे ग्वास हा साडेपाच हेक्टरांचा, दक्षिणेकडे उतरणारा अतिशय उभा मळा आहे. तो १९३५ मध्ये फिलिपोना ह्या पेढीने घेतला, व त्याचे मद्य स्वतंत्र काढण्यास आरंभ केला. परंतु ह्या लेखासाठी त्याहूनही लहान असा दुसरा एक मळा घेणे सोयीचे होईल.

एपर्ने शहराच्या दक्षिणेस कोत दे ब्लां नावाची टेकड्यांची रांग आहे. तिच्यावर ल मेनिल-स्युर-ओजे हे खेडे वसले आहे. ह्या खेड्याच्या अगदी मध्यावर, घरांनी वेढलेला असा १.८४ हेक्टरांचा, म्हणजे सुमारे साडेचार एकरांचा मळा आहे. त्याच्याभोवती १६९८ साली भिंत घातली गेली. भिंतीने बंद केलेल्या मळ्यास फ्रेंच भाषेत ‘क्लो’ म्हणतात, म्हणून ह्याचे नाव क्लो द्यु मेनिल. रीम्सच्या क्रूग ह्या पेढीने तो १९७१ मध्ये विकत घेतला. मिश्रणासाठीच ख्यातनाम असलेल्या ह्या पेढीने १९७९ च्या पिकापासून त्या एकाच तुकड्याचे मद्य वेगळे ठेवले. मळ्यात एकच जात आहे, ती म्हणजे पांढऱ्या द्राक्षांची शार्दोने.

भिंतीमुळे वारा अडतो आणि सभोवतालच्या घरांमुळे किंचित ऊब राहते. पण खरे भांडवल जमिनीखाली आहे. तेथे खडूचा जाड थर आहे. शाळेत फळ्यावर लिहिण्यासाठी पूर्वी जो नैसर्गिक खडू वापरीत, त्याच जातीचा हा खडक, प्राचीन समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या कवचांचा बनलेला. तो स्पंजाप्रमाणे सच्छिद्र असून एक घनमीटर खडूत ३०० ते ४०० लिटर पाणी सामावते. पावसाळी वर्षी तो जादा पाणी शोषून घेतो व कोरड्या वर्षी मुळांना थोडे थोडे पुरवितो. त्यामुळे फळ सावकाश पिकते व त्यातील आंबटपणा टिकून राहतो.

हा आंबटपणा फेसाळ मद्याचा कणा आहे. टार्टारिक व मॅलिक ही द्राक्षातील दोन प्रमुख अम्ले होत. अम्लता भरपूर असली की उपद्रवी जंतू वाढत नाहीत, रंग लवकर तांबूस होत नाही आणि पुढे अनेक वर्षे मद्य मुरत राहू शकते. उष्ण प्रदेशात मॅलिक अम्ल पिकतानाच झपाट्याने खर्ची पडते. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात ह्याच पद्धतीने फेसाळ मद्य आता तयार होते, आणि त्यापूर्वी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे १९८० नंतरच्या दशकात तसा उद्योग उभा राहिला होता. तेथील बागायतदारांपुढचा प्रश्न शँपेनच्या नेमका उलट आहे. एप्रिलची आणि ऑक्टोबरची अशा दोन छाटण्या करून ते पीक हिवाळ्यात आणतात, आणि फेसाळ मद्यासाठी फळ गोड होण्यापूर्वीच खुडतात. एकाला ऊन पुरत नाही, दुसऱ्याला आवरत नाही. अलीकडे शँपेनमध्येही हवामान तापू लागले आहे. १९८० च्या सुमारास सप्टेंबरअखेरीस होणारी खुडणी आता सुमारे वीस दिवस अलीकडे आली असून काही वर्षी ती ऑगस्टमध्येच सुरू करावी लागते. अम्लतेची चिंता त्यामुळे तेथेही शिरली आहे.

बाटलीतील दुसरे आंबणे

खुडलेली द्राक्षे हळुवार दाबून रस काढतात. हा रस यीस्ट नावाच्या एकपेशीय बुरशीच्या साहाय्याने आंबवितात. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड वायू ह्यांत रूपांतर करते. पिंपात हा वायू हवेत निघून जातो. क्लो द्यु मेनिलचे हे पहिले आंबणे ओक लाकडाच्या लहान पिंपांत होते. वसंत ऋतूपर्यंत जे मद्य तयार होते ते फिके, कडक आणि इतके आंबट असते की नवख्याला ते एक घोटही घेववणार नाही. त्यातच पुढची शक्यता ओळखणे हे परीक्षकाचे पहिले काम.

नंतर हे मद्य बाटल्यांत भरून प्रत्येक लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर व थोडे नवे यीस्ट घालतात आणि बाटली घट्ट बंद करतात. साखर घातल्याने मद्य फेसाळ होते ही गोष्ट इंग्लंडमधील क्रिस्टोफर मेरेट ह्याने १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे नमूद केली होती. परंतु किती साखर घालावी ह्याचे गणित फ्रान्समध्ये १८३६ च्या सुमारास झां-बातिस्त फ्रांस्वा ह्या औषधविक्रेत्याने मांडले. त्यापूर्वी तळघरांत बाटल्या फुटण्याचे प्रमाण भयंकर होते, आणि कामगारांना तोंडावर लोखंडी जाळी बांधून वावरावे लागे. गणित साधे आहे. बाटलीत चार ग्रॅम साखर आंबली की दर लिटरमागे सुमारे एक वातावरण इतका दाब निर्माण होतो. चोवीस ग्रॅमांनी सहा वातावरणांचा दाब येतो. हा मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या दुपटीहून अधिक होय. वायूला बाहेर पडण्यास वाट नसल्याने तो मद्यातच विरघळून राहतो. पाऊण लिटरच्या एका बाटलीत असा सुमारे नऊ ग्रॅम वायू साठतो. तो मोकळा सोडला तर जवळजवळ पाच लिटर जागा व्यापील, म्हणजे बाटलीच्या आकारमानाच्या सहापटीहूनही जास्त.

हे आंबणे खडूच्या खाणींत खोदलेल्या तळघरांतून होते. तेथे वर्षभर १० ते १२ अंश सेल्सियस तापमान असते. थंडीमुळे यीस्ट मंदगतीने काम करते, आणि सहा ते आठ आठवड्यांनी साखर संपली की उपासमारीने मरते. मेलेल्या पेशी आडव्या ठेवलेल्या बाटलीच्या कुशीत बसतात. हाच तो गाळ किंवा साका.

साक्यावरचे मुरणे

इतर मद्यांत साका लवकर काढून टाकतात. येथे तो मुद्दाम ठेवतात. फ्रेंच कायद्याप्रमाणे साल घातलेली शँपेन बाटलीत भरल्यापासून निदान तीन वर्षे तळघरात राहिली पाहिजे. क्लो द्यु मेनिलसारखे मद्य दहा वर्षांहून अधिक काळ राहते. एवढ्या काळात मेलेले यीस्ट काय करते, हा प्रश्न कोणालाही पडेल.

उत्तर असे की, ते स्वतःलाच पचविते. पेशी जिवंत असताना तिच्या आतील एंझाइमे ठराविक कप्प्यांत कोंडलेली असतात. मृत्यूनंतर ही बंधने सुटतात व एंझाइमे पेशीतील प्रथिने तोडून त्यांची ॲमिनो अम्ले करू लागतात. पेशीभित्तीचेही तुकडे होतात. ह्या क्रियेस स्वविलयन म्हणता येईल. तिचा वेग फार कमी असतो; थंड आणि आंबट द्रवात ती काही महिन्यांनी सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते. पेशीभित्तीतून सुटणाऱ्या प्रथिनयुक्त शर्करांमुळे मद्याला तोंडात एक प्रकारचा स्निग्धपणा येतो आणि फेस अधिक टिकतो. ॲमिनो अम्लांपासून पुढे अनेक गंधद्रव्ये बनतात. पावाच्या भट्टीजवळून जाताना जो वास येतो, त्याची आठवण करून देणारा गंध प्रथम येथेच उमटतो.

साक्याचे दुसरे कार्य तितकेच महत्त्वाचे आहे. तो ऑक्सिजन शोषून घेतो. झाकणातून अत्यल्प प्रमाणात आत झिरपणारी हवा साक्याकडून टिपली जाते. त्यामुळे साक्यावर पडून राहिलेले मद्य विशी गाठूनही आश्चर्य वाटावे इतके कोवळे राहू शकते. लिंबाची साल, हिरवे सफरचंद, ओला खडू असे त्याचे गंध मोडत नाहीत. ही बाटलीच्या पहिल्या वयाची गोष्ट झाली. येथे काळ जातो खरा, पण हवेच्या पहाऱ्यात जातो.

वायू मात्र कोणाच्याच पहाऱ्यात राहत नाही. रीम्स विद्यापीठातील जेरार लिजे-बेलेर व त्यांचे सहकारी ह्यांनी साक्यावरच राहिलेल्या, २५ ते ४७ वर्षांच्या जुन्या बाटल्यांतील वायू मोजून २०२३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत जुन्या, १९७४ सालच्या मद्यातील सुमारे ८० टक्के वायू झाकणातून निघून गेला होता. मोठ्या बाटलीत तो अधिक टिकतो, कारण तोंड जवळजवळ तेवढेच असून आत साठा दुप्पट वा चौपट असतो. बुडबुडे उठू शकण्याची मुदत त्यांच्या हिशोबाने पाऊण लिटरच्या बाटलीस ४० वर्षे, दीड लिटरच्या बाटलीस ८२ वर्षे आणि तीन लिटरच्या बाटलीस १३२ वर्षे आली. जुने संग्राहक दीड लिटरची बाटली पसंत करतात, त्यास आता असा मोजलेला आधार मिळाला आहे.

दुसऱ्या वयाचा आरंभ

साक्यासह मद्य विकता येत नाही. ओतताना ते गढूळ होईल. म्हणून बाटल्या छिद्रे पाडलेल्या तिरप्या फळ्यांत तोंड खाली करून ठेवतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवितात. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विधवा क्लिको हिच्या तळघरात निघाली. सराईत कामगार दिवसाकाठी चाळीस हजार बाटल्या फिरवू शकतो असे सांगतात. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रे करतात. महिना-दीड महिन्यात सारा साका बाटलीच्या मानेशी जमतो. मान अतिथंड द्रावणात बुडविली की तेथे बर्फाची गुळी बनते, आणि झाकण काढताच आतील दाबाने ती साक्यासह बाहेर उडते. जेवढे मद्य कमी झाले तेवढे भरून, बहुधा थोडा साखरेचा पाक घालून, बूच बसवितात व तारेने बांधतात. ‘ब्रूत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मद्यात दर लिटरमागे १२ ग्रॅमांहून कमी साखर असते.

सारी क्रिया काही क्षणांची आहे. परंतु त्या क्षणी बाटलीचे जीवनच बदलते. पहारेकरी साका गेला, आणि वर्षानुवर्षे बंद असलेल्या मद्यात थोडी हवा शिरली. येथून दुसरे वय मोजावे लागते. ऑक्सिजन आता आपले काम करू लागतो. पाकातील साखर आणि साक्याने मागे ठेवलेली ॲमिनो अम्ले ह्यांच्यात, पाव भाजताना किंवा रवा परतताना जी प्रक्रिया होते तिच्याच जातीची प्रक्रिया तळघराच्या थंडीत अतिमंद गतीने चालू होते. रंग फिक्या पिवळ्यावरून सोनेरी होत जातो. लिंबाचा गंध मागे सरतो आणि भाजलेला बदाम, मध, सुके जर्दाळू, पुढे कॉफी असे गंध पुढे येतात. कॉफीची तुलना केवळ कविकल्पना नव्हे. जुन्या शँपेनच्या पृथक्करणात एक गंधकयुक्त संयुग सापडले आहे, आणि भाजलेल्या कॉफीच्या सुवासातील तो एक प्रमुख घटक होय.

आता दोन वयांचा घोळ ध्यानात येईल. समजा, एकाच मळ्याच्या १९९६ सालच्या दोन बाटल्या आहेत. एकीचा साका दहा वर्षांनी काढला, दुसरीचा वीस वर्षांनी. दोघींवर साल तेच, नाव तेच. परंतु आज उघडल्यास पहिली मध व सुकामेव्याकडे झुकलेली, तर दुसरी अजून लिंबाच्या सालीत अडकलेली आढळेल. जन्मसाल एक असूनही त्या समवयस्क नाहीत. अनुभवी परीक्षकांचे आणखी एक मत असे आहे की, फार उशिरा साका काढलेले मद्य प्रथम अधिक ताजे वाटते खरे, परंतु हवा लागल्यावर ते अधिक वेगाने वयस्क होते. तरुणपणीच हवेची सवय लागलेले मद्य तिला पुढे चांगले तोंड देते. म्हणून साका कोणत्या साली व कोणत्या ऋतूत काढला हे बाटलीवर नमूद असणे फार अगत्याचे आहे. पूर्वी ही गोष्ट व्यापारी गुपित मानली जाई. क्रूग पेढीने २०११ पासून प्रत्येक बाटलीच्या मागील चिठ्ठीवर एक सांकेतिक अंक देण्यास प्रारंभ केला, व त्यावरून ती तारीख कळते. ग्राहकाच्या हिताचा असा नियम सर्वांसच बंधनकारक असावयास हवा होता.

परीक्षा

व्यवसायाने परीक्षा करणारा मनुष्य मद्य पीत नाही. चाखून थुंकून टाकतो. सकाळच्या प्रहरी, भुकेल्या पोटी, वास नसलेल्या खोलीत तो हे काम करतो. त्याची साधने म्हणजे डोळे, नाक, जीभ आणि स्मरणशक्ती. ह्यांतील शेवटचे सर्वांत दुर्मिळ आहे.

प्रथम पेला. रुंद व उथळ पेल्यात गंध उडून जातो. फार अरुंद पेल्यात तो कोंडतो. मध्ये फुगीर व वर निमुळता होत जाणारा, कमळाच्या कळीसारखा पेला उत्तम. मद्य तरुण असेल तर ८ ते १० अंश, जुने असेल तर १० ते १२ अंश तापमानास ओतावे. त्याहून थंड केल्यास गंध मुके होतात. पेला तिरपा धरून कडेने ओतल्यास, सरळ ओतण्याच्या मानाने वायू अधिक टिकतो, असे रीम्सच्या प्रयोगशाळेत २०१० मध्ये मोजून दाखविण्यात आले.

मग बुडबुडे. ते काचेतून निघतात असे वाटते, पण बहुतेक बुडबुड्यांचे उगमस्थान म्हणजे पेल्यास चिकटलेले कापडाचे वा हवेतील धुळीचे सूक्ष्म तंतू. तंतूच्या पोकळीत अडकलेल्या हवेत विरघळलेला वायू शिरतो, ती फुगते व बुडबुडा सुटतो. तंतूच नसेल, तर सहा वातावरणांचा दाब सोसलेले मद्यही पेल्यात जवळजवळ शांत दिसेल. म्हणून बुडबुड्यांच्या संख्येवरून मद्याची प्रत ठरविणे व्यर्थ होय. त्यांचा बारीकपणा मात्र काही सांगतो: वायू जसजसा कमी होतो तसतसे बुडबुडे लहान होतात, म्हणून जुन्या मद्यातील बुडबुडे नाजूक असतात. पृष्ठभागावर फुटताना प्रत्येक बुडबुडा सूक्ष्म तुषार उडवितो, आणि ह्या तुषारांत गंधद्रव्यांचे प्रमाण पेल्यातील द्रवाहून अधिक असते. पेल्यावर नाक नेताच गंध अंगावर आल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हे.

जिभेवर जी टोचणी जाणवते ती केवळ बुडबुडे फुटण्याची नव्हे. आंबट चव ओळखणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर एक एंझाइम असते, व ते कार्बन डाय-ऑक्साइडपासून अम्ल तयार करते असे २००९ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे फेस हा स्पर्शही आहे आणि चवही. जुन्या बाटलीत वायू कमी झाला की मद्य कमी आंबट, अधिक विसावलेले वाटते, त्यात ह्या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

ल मेनिलचे मद्य परीक्षकास अडचणीत टाकते. पहिली दहा-बारा वर्षे ते बंद मुठीसारखे असते: आंबटपणा धारदार, गंध थोडा, शेवटी खडू चाटल्याची किंचित खारट जाणीव. एखादा मिश्रणाचा उत्तम नमुना त्याच वयात कितीतरी मोकळा व गोड बोलणारा असतो. दोन्ही शेजारी ठेवल्यास अननुभवी परीक्षक मिश्रणासच अधिक गुण देतो, आणि त्या दिवसापुरता तो चुकलेला नसतो. प्रश्न त्या दिवसाचा नसून वीस वर्षांनंतरचा असतो. त्यासाठी तीन गोष्टी पाहतात. आंबटपणाच्या मागे फळाचा गाभा आहे का. घोट गेल्यावर चव किती सेकंद रेंगाळते. आणि पेल्यात अर्धा तास राहिल्यावर मद्य उमलते की कोमेजते. तिसरी कसोटी सर्वांत विश्वासाची, कारण पेल्यातील हवा बाटलीतील वर्षांची छोटी नक्कल करते.

दोषही ओळखता आले पाहिजेत. बुचाच्या लाकडात बुरशीमुळे निर्माण होणारे एक क्लोरीनयुक्त संयुग लिटरमागे ग्रॅमाच्या काही अब्जांश भागांइतके असले तरी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो; असे मद्य सुधारत नाही. बाटली उजेडात राहिली तर मद्यातील रिबोफ्लेविन प्रकाश शोषून गंधकयुक्त ॲमिनो अम्ल फोडते, व उकडलेल्या कोबीचा वास सुटतो. पांढऱ्या काचेत हे फार लवकर घडते. आणि मद्य हवेने विटले असेल तर कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, पुढे मेथीचा वास येतो. मेथीदाण्यास ज्या संयुगामुळे वास असतो तेच संयुग जुन्या, हवा लागलेल्या पांढऱ्या मद्यांत सापडते. अंशमात्र असता ते रुची वाढविते, अधिक झाले की सारे झाकून टाकते. मुरणे आणि विटणे ह्यांतील सीमारेषा बहुधा ह्या एका वासावरून ओढतात.

शंभर वर्षांपलीकडे

काळ किती ताणता येतो ह्याचा एक अकल्पित प्रयोग समुद्राने केला. २०१० साली बाल्टिक समुद्रात ऑलंड बेटांजवळ, सुमारे ५० मीटर खोल बुडालेल्या जहाजात पाणबुड्यांना शँपेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. बुचांवरील खुणांवरून त्यांतील काही क्लिको, काही एद्सिक व काही ज्युग्लार ह्या पेढ्यांच्या असल्याचे ठरले. वय सुमारे १७० वर्षे. तळाशी काळोख होता आणि पाणी दोन ते चार अंशांचे, म्हणजे मद्य ठेवण्यास ह्याहून चांगले तळघर मिळणे कठीण. फिलिप जांदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले पृथक्करण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लिटरमागे साखर १४० ग्रॅमांहून अधिक आढळली. त्या काळची रुची आजच्यापेक्षा किती गोड होती हे ह्यावरून कळते. चाखणाऱ्यांना प्रथम जनावराच्या ओल्या केसांचा आणि चीजचा वास आला. पेला फिरवून हवा लागू देताच तो विरला, आणि त्यामागून धूर, मसाले, कातडे व फुलांचे गंध उमटले. फेस जवळजवळ गेलेला होता. पेल्यातील त्या काही मिनिटांत दीडशेहून अधिक वर्षांचा कोंडलेला बदल पुढे सरकला.

समुद्राने ठेवलेल्या बाटल्यांची निवड कोणी केली नव्हती. तळघरात निवड करावी लागते, आणि एका मळ्याच्या मद्यात ती कठोर असते. मिश्रणाच्या पेढीत एखादा भाग कमी उतरला तर तो इतरांत सामावून जातो. साडेचार एकरांच्या भिंतीआड तशी पळवाट नाही. क्लो द्यु मेनिलचे मद्य काही वर्षी मुळीच काढले जात नाही. १९९९ चे मात्र काढले गेले. ते बाटल्यांत भरले, दुसऱ्यांदा आंबविले, साक्यावर वर्षानुवर्षे मुरत ठेवले. दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर परीक्षकांनी पुन्हा चाखून पाहिले, आणि ह्या मळ्याची म्हणून जी चव ओळखली जाते ती ह्यात उतरलेली नाही असे त्यांचे मत पडले. त्या सालच्या बाटल्या विक्रीस आल्या नाहीत.